आठवणींच्या पुस्तकावरचा निबंध : आधार कुठून आणायचा, कसा मांडायचा?

कातळसडा

सत्र संपत आलं की 'आत्मचरित्रावर १५०० शब्दांचा निबंध, संदर्भांसह' हे काम घेऊन मुलं वाचनालयात येतात, पुस्तकाचा सारांश उतरवतात आणि जमा करतात. सारांश बरा असतो, गुण मात्र मिळत नाहीत, कारण मागितलेलं असतं मत आणि त्याचा आधार. इथे मराठी शिकवणारे, ग्रंथालयात काम करणारे, पेपर तपासणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली उदाहरणं दिलीत तर मुलांना जवळची वाटतील.

माझ्याकडून सुरुवात. अशा पुस्तकात 'मी' दोन असतात, एक जगणारा आणि एक लिहिणारा. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला १८९५ साली आणि लक्ष्मीबाईंचं पुस्तक छापून येऊ लागलं १९३४ पासून. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. ही दोन वयं एकच धरली की निबंधातलं दर दुसरं वाक्य डळमळतं. "लक्ष्मीबाईंना तेव्हा असं वाटलं" असं लिहायचं असेल तर आधार त्या प्रसंगातल्या कृतीत आणि तोंडच्या बोलण्यात शोधा. "म्हातारपणी त्या याकडे असं पाहतात" असं म्हणायचं असेल तर निवेदनाचा सूर, थट्टा, मधेच टाकलेलं भाष्य यांत शोधा. प्रत्येक विधान करताना स्वतःला विचारा, मी कुठल्या 'मी'बद्दल बोलतोय?

वाचनाची पद्धत: पहिलं वाचन सलग, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनाला वहीचं पान चार रकान्यांत आखा: पान क्रमांक, काय घडलं, लेखकाचं त्यावरचं भाष्य, माझा प्रश्न. अडीचशे पानांच्या पुस्तकातून साठ-सत्तर नोंदी निघतात. त्यातल्या आठ-दहाच निबंधात जातात, बाकीच्या वाया जाऊ द्याव्यात. तिसऱ्या वाचनाला फक्त निवडलेल्या प्रसंगांच्या मागची-पुढची पाच पानं वाचा. हे तिसरं वाचन मुलं सर्रास गाळतात आणि मग संदर्भ सोडून तोडलेलं अवतरण निबंधात येतं.

सुरंगी

सर, मी तृतीय वर्षाला आहे. "लेखिकेनं आयुष्यात खूप सोसलं" हे माझं मुख्य विधान होतं. मॅडमनी 'हे विधान नाही' असा शेरा मारून परत दिलं. पुस्तकात तर पानोपानी सोसणंच आहे. मग चुकलं कुठे?

खाडीपल्याड

@सुरंगी, तुझ्या वाक्याला कोणी 'नाही' म्हणू शकेल का? नाही ना, मग त्याला आधाराची गरजच उरत नाही. ज्यावर शहाणा वाचक "असं कशावरून?" म्हणून अडवू शकतो ते विधान. चाळण्या तीन लाव. एक, उलटं बोलता येतं का? दोन, पुस्तकातल्या निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी त्याला आधार आहे का? एकाच प्रकरणात असेल तर ते विधान पुस्तकाबद्दल नाही, त्या प्रकरणाबद्दल आहे. तीन, पुस्तकाचं नाव झाकून तेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही आत्मचरित्राला लागू पडतं का? पडत असेल तर ते फेकून दे.

आता उतारा कसा वापरायचा ते. खालचा उतारा मी सरावासाठी बनवलेला आहे, कुठल्याही पुस्तकातला नाही:

*"महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास पोस्टमन यायचा. बाबांची वीस रुपयांची मनिऑर्डर असायची. आई अंगठा करायची, नोटा न मोजता कनवटीला लावायची आणि खालच्या कुपनावरचा मजकूर मला दोनदा वाचायला लावायची. तेव्हा मला तो आईचा विसरभोळेपणा वाटे."*

दहातले आठ निबंध याखाली लिहितात, "यावरून कोकणातील कुटुंबांची आर्थिक परिस्थिती बिकट होती हे दिसून येते." उताऱ्यात हे दिसतच नाही. वीस रुपये कमी की जास्त, हे सालाशिवाय सांगता येत नाही आणि उताऱ्यात साल नाही.

उताऱ्यात काय दिसतं? आई नोटा मोजत नाही, पण मजकूर दोनदा ऐकते. या दोन क्रिया लेखिकेनं एकाच वाक्यात शेजारी ठेवल्यात. आईला वाचता येत नसावं, हे 'अंगठा' आणि 'मला वाचायला लावायची' यांतून कळतं, कुठेही सांगितलेलं नाही. आणि शेवटच्या वाक्यातला 'तेव्हा' बघ. आज तसं वाटत नाही हे त्यातून कळतं, पण आज काय वाटतं ते लेखिका उच्चारत नाही. कातळसडा म्हणतात ते दोन 'मी' या एका शब्दात उभे आहेत.

म्हणजे विधान असं होईल: "आईच्या भावना लेखिका नाव घेऊन सांगत नाही, आईच्या हातांच्या हालचालींतून दाखवते, आणि त्यांचा अर्थ लहानपणी कळला नव्हता याची कबुली देऊन तो वाचकावर सोपवते." यावर कोणी वाद घालू शकतो. आणखी दोन-तीन जागी तीच रीत सापडली तर विधान उभं राहिलं.

परिच्छेदाची बांधणी: पहिलं वाक्य मुद्द्याचं. मग कोण, कुठे, लेखकाचं वय किती, एवढं दीड-दोन वाक्यांत. मग अवतरण, तीन ओळींच्या आत. मग विश्लेषण, अवतरणाच्या निदान दुप्पट लांबीचं. अवतरणानं परिच्छेद संपवू नका. शेवटचा शब्द तुमचा हवा, नाहीतर परीक्षकाला वाटतं की उतारा पुरेसा बोलका आहे असं समजून मूल उठून गेलं.

तळकोकण

ह्या बरा सांगितलात! पण माका एक शंका हा. आठवणीत चूक सापडली तर काय करायचा? म्हातारपणी लिवलेला असता, सालांचो गोंधळ होतोच. मग लेखक खोटो म्हणून लिवचा काय?

जुनं कपाट

@तळकोकण, त्याआधी एक बघा. पुष्कळदा लेखक बरोबर असतो आणि 'चूक' काढणारा विद्यार्थीच चुकलेला असतो. आमच्याकडे वारंवार दिसणाऱ्या गफलती सांगते.

मालवण-वेंगुर्ल्याच्या १९५०च्या आठवणींत 'रत्नागिरी जिल्हा' असं येतं. मुलं ते खोडून सिंधुदुर्ग करतात. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. कुलाब्याचं रायगडही १९८१चंच. सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान होतं, त्यामुळे तिथल्या जुन्या आठवणीतलं 'हद्द ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात गेलो' हे वाक्य अगदी बरोबर असतं.

मुरुडं दोन आहेत. धोंडो केशव कर्व्यांचं मुरुड दापोली तालुक्यातलं, हर्णैजवळचं. दुसरं जंजिऱ्याचं मुरुड, रायगडातलं. निबंधात कर्वे जंजिऱ्याच्या सावलीत वाढले की समजा, बाकीचं वाचायची परीक्षकाला इच्छा राहत नाही.

प्रवासही तपासता येतो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधीच्या चाकरमान्याच्या आठवणीत बहुधा घाटातली एसटी असेल किंवा बोट. आणि किनाऱ्यावरची प्रवासी बोट पावसाळ्यात बंद असायची. आठवणीत कोणी ऐन आषाढात बोटीनं मुंबईहून आलेलं असेल तर थांबा, नोंद करा, दुसरा पुरावा शोधा.

पैसे: १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. 'दोन आणे मजुरी'चे आजचे रुपये करून दाखवायचा मोह टाळा. त्याच पुस्तकात त्याच काळात तांदूळ, चहा, बोटीचं भाडं यांचे दर आले असतील तर त्यांच्याशी ताडून पाहा. तो आधार तुमच्या हातातला आहे.

शक: शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जानेवारी ते मार्चमधल्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. ११ मार्च १८९३ हा कर्वे आणि आनंदीबाईंच्या विवाहाचा दिवस शके १८१४च्या फाल्गुनात येतो. ७८ मिळवलेत तर लग्न वर्षभर आधी लागतं. पौष महिना दोन्ही सनांत सांडतो, तिथे तिथी बघूनच ठरवा.

बाहेरचे आधार कुठे मिळतील? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (सरकारनं काढलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा) रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा आहे. इंग्रजीत आहे, स्कॅन नेटवर मिळतो. गावं, बंदरं, शेती, जाती, शाळा सगळं त्यात आहे, पण ते १८८०पर्यंतचं चित्र. १९३०च्या आठवणीला त्याचा टेकू देऊ नका. शिवाय ते सरकारी नजरेचं लेखन आहे, त्यालाही प्रश्न विचारावेत. पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं हे ठरवायला शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा, दोन खंडांत १८०० ते १९५० ची पुस्तकं आहेत. रत्नागिरीत असाल तर जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. तिथे जाताना 'आत्मचरित्र द्या' असं म्हणू नका. लेखक, नाव, अंदाजे साल लिहिलेली चिठ्ठी न्या, काउंटरवरच्या माणसाचे आणि तुमचेही कष्ट वाचतील.

कातळसडा

आता तळकोकणच्या मूळ शंकेकडे. खरोखरच चूक निघाली तर तिचे प्रकार करा. साल चुकलं, ही किरकोळ बाब. तळटीप द्या आणि पुढे चला. क्रम बदललाय, म्हणजे नंतरचा प्रसंग आधी आणलाय, तर विचारा की त्यामुळे गोष्टीत काय साधलं. तिसरा प्रकार गाळण्याचा आणि तो सगळ्यात अवघड. पुस्तकात नाही म्हणून लेखकाला महत्त्वाचं वाटलं नाही, असा निष्कर्ष काढू नका. आधी आवृत्ती संक्षिप्त तर नाही ना ते बघा. पूर्ण असेल तरी 'याबद्दल पुस्तक गप्प आहे' एवढंच ठामपणे लिहा आणि कारण 'शक्यता' म्हणून मांडा. कोर्टातल्यासारखं "खोटं" लिहायची गरज विद्यार्थ्याला पडतच नाही.

बंदरवाट

गाळण्यावरून आठवलं. कोकणातल्या मुलांनी हा विषय घ्यावाच: एकच घर, दोन पुस्तकं. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' १९१५चं, आणि आनंदीबाईंचं 'माझे पुराण' त्यानंतर बऱ्याच वर्षांचं. आनंदीबाई देवरूखच्या, माहेरच्या जोशी, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. या पुनर्विवाहानंतर मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. पुन्हा कर्व्यांनी १९३६ मध्ये इंग्रजीतही आपलं आयुष्य लिहिलं, म्हणजे एकाच माणसाच्या दोन सांगण्यांतही वीस-एक वर्षांचं अंतर आहे.

करायचं असं. एकच प्रसंग घ्या, लग्न किंवा बहिष्कार. दोन्ही पुस्तकांतली पानं शेजारी उघडी ठेवा. प्रत्येकानं किती पानं दिलीत ते मोजा. कोणाची नावं येतात, कोणाचा फक्त नात्यानं उल्लेख येतो? संवाद आहेत की वृत्तान्त? पैशाचे, जेवणाचे, मुलाबाळांचे तपशील कोण देतं? निवेदनात ठरवणारा दिसतो की लपतो, "मी ठरवलं" की "ठरलं"? या पाच प्रश्नांच्या उत्तरांचा तक्ता झाला की विधान आपोआप सुचतं.

धोका एकच. "पुरुष बुद्धीनं लिहितो, बाई भावनेनं" हे वाक्य तक्ता न बघता लिहिलं जातं. तक्ता बघून लिहा, बहुतेक वेळा ते टिकत नाही.

पाणंद

एक गोष्ट राहतेय म्हणून लिहिते. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३, ग्रंथाली) रत्नागिरीच्या परिसरातून सुरू होऊन मुंबईपर्यंत येतं. त्यावरचे विद्यार्थ्यांचे निबंध बघितलेत तर नव्वद टक्के जागा 'दलितांच्या व्यथा-वेदना' या शब्दांवर गेलेली असते. पुस्तकाचा जणू पंचनामा केलेला. लेखिकेनं प्रसंग कसा रचलाय, हसू कुठे आणलंय, स्वतःच्या घरातल्या पुरुषांबद्दल कसं बोललंय, याकडे लक्ष नाही. सहानुभूती दाखवली म्हणजे विश्लेषण झालं असा समज यामागे असतो. दलित आत्मकथनालाही तेच प्रश्न विचारा जे तुम्ही लक्ष्मीबाईंना विचारता.

आणि संदर्भासाठी दुसरं पुस्तक हवं असेल तर मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) बघा. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती त्यात आहेत. आत्मकथनाच्या लेखिकेनं इतरांच्या आठवणी कशा गोळा केल्या ते कळतं. मात्र हे पुस्तक तिच्या आयुष्यातल्या प्रसंगाचा पुरावा म्हणून वापरू नका. ते काळाचा संदर्भ देतं, प्रसंगाची खातरी करून देत नाही.

अवतरणात जातिवाचक शिवी किंवा अपमानाचा शब्द आला तर मूळ शब्द तसाच ठेवा, पण स्वतःच्या वाक्यात तो वापरू नका.

सुरंगी

खूप मदत होतेय. दोन शंका. १५०० शब्दांचा हिशेब कसा लावायचा? आणि माझ्या पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं' असं छापलंय, मधे संगमेश्वरी बोलीतले संवादही आहेत. ते शुद्ध करून लिहू का?

खाडीपल्याड

नको! अवतरणात एक काना-मात्रा बदलायची नाही. ते १९६२ च्या नियमांआधीचं लेखन आहे, तसंच उतरव. बोलीतलं वाक्यही तसंच ठेव, आणि अवघड शब्दाचा अर्थ लगेच चौकोनी कंसात दे. मधलं गाळलंस तर तीन टिंबं. पण गाळल्यावर अर्थ उलटत नाही ना हे बघ, "मला ते आवडलं नाही असं नाही" यातून टिंबं टाकून काहीही काढता येतं :) मराठी विभागात बहुधा संदर्भ देण्याची एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) पद्धत मागतात. तिच्यात चार ओळींपेक्षा मोठं गद्य अवतरण वेगळ्या परिच्छेदात, समासापासून आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय येतं. १५०० शब्दांत असं एखादंच परवडतं.

हिशेब: प्रस्तावना १५०, त्यात पुस्तक, लेखनकाळ आणि घटनांचा काळ, आणि शेवटी विधान. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार नकोत. चार मुद्दे, प्रत्येकी पावणेतीनशे. दीडशे शब्द विरुद्ध वाचनाला: तुझ्या विधानाला न जुमानणारा पुस्तकातलाच एखादा प्रसंग घे आणि त्याचं काय करतेस ते सांग. हा भाग असलेले निबंध फार कमी येतात, आले की वेगळे दिसतात. शेवटाला शंभर. सगळी अवतरणं मिळून दीडशे ते दोनशे शब्द, त्यावर गेलीस तर पुस्तकच बोलतंय.

जुनं कपाट

प्रस्तावना आणि मलपृष्ठाबद्दल एक. दुसऱ्यानं लिहिलेली प्रस्तावना हा लेखकाच्या आठवणीचा पुरावा नाही, तिथलं मत उचललंत तर प्रस्तावनाकाराच्या नावानं द्या. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर मुलानं, देवदत्त टिळकांनी पूर्ण केला. तिथलं वाक्य लक्ष्मीबाईंच्या शैलीचा नमुना म्हणून दिलंत तर पूर्ण मुद्दाच पडतो. तसंच गाईड, नाटक, मालिका, भाषांतर यांतलं वाक्य मूळ पुस्तकाच्या पान क्रमांकासह देऊ नका. तोंडी परीक्षेत "हे पान उघडून दाखव" म्हटलं की संपलं. मोबाईलवरच्या एआयकडून अवतरणं मागवणाऱ्यांची हीच गत होते, छान वाक्य मिळतं आणि पुस्तकात ते कुठेच नसतं.

तळकोकण

अवांतर: वडीलधाऱ्यांच्या आठवणी आपण टेप करून घेतलेलो असलो तर त्यो निबंधात चालतत काय?

कातळसडा

चालतात, पण पूरक म्हणून. कोण बोललं, कधी, कुठे, किती मिनिटं, याची नोंद ठेवा. संमती घ्या, आणि नाव देऊ नका म्हणाले तर 'माहितीदार १' लिहा. प्रश्न सुचवणारे नसावेत. "तेव्हा बहिष्कार घालायचे ना?" असं विचारलंत तर "हो" मिळतं. "गावात कोणाकडे जेवायला जाणं-येणं असायचं?" असं विचारा. आणि छापील पुस्तकाला छापील पुस्तकानंच तपासा, शेजारच्या आजीच्या आठवणीनं लेखकाला खोडू नका.

सुरंगी

शेवटचं. माझ्याकडे पुस्तकाचा स्कॅन आहे. त्यातला पान नंबर देऊ की पुस्तकातला? आणि मैत्रिणीकडे वेगळी आवृत्ती आहे, तिचे आकडे जुळतच नाहीत.

जुनं कपाट

स्कॅनच्या खिडकीत दिसणारा आकडा मुखपृष्ठ आणि कोरी पानं धरून मोजलेला असतो, तो घेऊ नका. पानावर छापलेला आकडा घ्या. प्रस्तावनेची पानं पुष्कळदा अक्षरांनी किंवा वेगळ्या आकड्यांनी मोजलेली असतात, ती तशीच द्या. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, म्हणून पहिल्या उल्लेखातच आवृत्ती आणि तिचं साल लिहा आणि पानासोबत प्रकरणाचा क्रमांकही द्या, म्हणजे परीक्षकाकडे दुसरी आवृत्ती असली तरी जागा सापडते. ई-बुकात पानं अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलत असतील तर प्रकरण आणि परिच्छेद क्रमांक. आणि जमा करायच्या आदल्या दिवशी प्रत्येक अवतरण मूळ पानाशी बोट ठेवून जुळवा, स्कॅनवरून टाइप करताना ओळ गळते ती नेमकी अशाच वेळी सापडते.